कानावरची गादी, कानातली शांतता

वाचकांचे प्रश्न : वैमानिकांचे आवाजरोधक हेडसेट

बाहेरचा आवाज विजेच्या साहाय्याने खोडून काढणाऱ्या, म्हणजेच एएनआर हेडसेटविषयी विद्यार्थी वैमानिक, खासगी वैमानिक आणि देखभाल तंत्रज्ञ यांचे बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. बहुतेक तक्रारींचे मूळ इलेक्ट्रॉनिक्समध्ये नसते. ते कानाभोवतीच्या गादीत किंवा प्लगमध्ये सापडते. त्यामुळे या दोन गोष्टी उत्तरांत पुन्हा पुन्हा येतील, त्याला इलाज नाही.

प्रश्न : एएनआरचे बटण दाबले की इंजिनाची घरघर एकदम खाली जाते, पण वाऱ्याचा सूं-सूं आवाज आणि कुठलीशी किणकिण तशीच राहते. हेडसेटमध्ये दोष आहे का?

दोष नाही, हेडसेटचा स्वभावच तसा आहे. कानावरच्या कपात एक छोटा माइक असतो. तो कपाच्या आत पोचलेला आवाज ऐकतो आणि सर्किट त्याची उलटी लाट तयार करून स्पीकरमधून सोडते. शिखरावर दरी बसली की दोन्ही सपाट होतात. मात्र त्या दोन्ही एकाच क्षणी भेटायला हव्यात.

एक हिशेब करून पाहा. चार सिलिंडरचे, गिअर नसलेले इंजिन आणि दोन पात्यांचा प्रोपेलर, वेग २४०० आरपीएम. म्हणजे सेकंदाला ४० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पाती दोनदा हवा कापतात आणि इंजिनात दोनदा स्फोट होतो. दोन्हींचा मूळ आवाज ८० हर्ट्झवर येऊन एकमेकांत मिसळतो. या आवाजाची लाट सुमारे सव्वाचार मीटर लांब असते. उलटी लाट सोडायला सेकंदाचा दहा-हजारावा भाग उशीर झाला, तर ८० हर्ट्झच्या लाटेत तो एका आवर्तनाचा जेमतेम एक टक्का भरतो. तेवढी चूक चालून जाते. तोच उशीर ३००० हर्ट्झच्या किणकिणीत आवर्तनाच्या तीस टक्के होतो. तिथे उलटी लाट आवाज खोडत नाही, उलट त्यात भर घालते. म्हणून हेडसेट बनवणारे एएनआरला साधारण काहीशे हर्ट्झपर्यंतच काम देतात आणि हजाराच्या आसपास ते जवळजवळ संपवतात.

त्यापुढची पट्टी कपाचे प्लास्टिक, आतला फोम आणि गादी अडवतात. याला पॅसिव्ह रोध म्हणतात. वाऱ्याचा सूं-सूं आवाज जास्त वाटत असेल, तर बिघाड एएनआरचा नाही. गादी कानाभोवती कुठेतरी उघडी पडली आहे. शिवाय घरघर खाली गेली की आतापर्यंत तिच्याखाली दबलेले बारीक आवाज उघडे पडतात. ते वाढलेले नसतात, पण वाढल्यासारखे वाटतात.

प्रश्न : मी चश्मा लावतो. नवा महागडा एएनआर हेडसेट माझ्या सहवैमानिकाला शांत वाटतो, मला मात्र नाही.

चश्म्याची काडी गादीखालून जाते तिथे तिच्या वर आणि खाली एकेक फट राहते. खालच्या पट्टीच्या आवाजाला एवढी फट पुरते. कप हे बंद भांडे आहे असे धरून एएनआरचे सर्किट बांधलेले असते. भांडे गळू लागले की स्पीकरने तयार केलेली उलटी लाटही फटीतून बाहेर जाते आणि सर्किटला दुप्पट धाप लागते.

आधी खात्री करून घ्या. विमान उभे, ब्रेक लावलेले, चाकांना अडसर. रन-अपच्या (उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीच्या) वेळी, साधारण १८०० आरपीएमवर, दोन्ही कपांवर बोटांनी हलकाच दाब द्या. घरघर ठळकपणे कमी झाली तर गळती आहे. काहीच फरक पडला नाही तर गादी नीट बसली आहे आणि तक्रारीचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्याआधी कुणीही नवा हेडसेट विकत घेऊ नये, असे आमचे मत आहे.

गळती निघाली तर उपाय क्रमाने करा. पहिला, काडी. जाड प्लास्टिकच्या काडीऐवजी पातळ, चपटी, धातूची, कानामागे फार न वळणारी काडी असलेला उड्डाणासाठीचा वेगळा चश्मा ठेवा. हा एकच बदल अनेकदा पुरतो. दुसरा, गादी. जुनी, चपटी झालेली फोमची गादी काडीभोवती वळत नाही. नवी मऊ गादी वळते. जेलची गादी काडीभोवती छान बसते, पण थंडीत ती कडक होते आणि अंगाच्या उबेने मऊ व्हायला दहा-पंधरा मिनिटे घेते. थंड सकाळी पहिल्या उड्डाणात आवाज जास्त का वाटतो, याचे कारण बऱ्याचदा हेच असते. तिसरा, डोक्यावरची पट्टी. दोन्ही बाजूंचे दांडे पूर्ण लांब करा, कप कानांवर मधोमध बसवा, मग पट्टी माथ्याला टेकेपर्यंत दांडे आखडा. पट्टी हवेत तरंगत असेल तर सगळा भार कपांवर येतो आणि ते खाली घसरतात. केसांची जाड बट, डोक्यावरचे हूड किंवा मोठी कर्णफुले गादीखाली येऊ देऊ नका. टोपी घालत असाल तर माथ्यावर बटण नसलेली घाला. पट्टी त्या बटणावर बसली की तासाभरात टाळू ठणकू लागते.

काडीवर चढवायच्या फोमच्या छोट्या पट्ट्याही मिळतात. त्यांनी कानामागचे दुखणे थांबते, पण फट काही वेळा वाढते. त्या लावून वरची चाचणी पुन्हा करा.

प्रश्न : एएनआर असल्यावर कानाचे संरक्षण झालेच, असे धरायचे का? खोक्यावर एनआरआर नावाचा आकडाच दिसत नाही.

एनआरआर, म्हणजे साधन आवाज किती कमी करते याचा आकडा, मोजण्याची पद्धत पॅसिव्ह साधनांसाठी ठरवलेली आहे. ऐकणाऱ्याला कान झाकून आणि न झाकता किती मंद आवाज ऐकू येतो, यावर ती उभी आहे. एएनआर सर्किटचा स्वतःचा बारीक सळसळाट त्या मंद आवाजांवर बसतो, म्हणून एएनआर चालू असताना ही चाचणी लागू पडत नाही. आकडा दिलाच असेल तर तो सर्किट बंद असतानाचा समजा.

पॅसिव्ह हेडसेटचा आकडा कसा वापरायचा ते पाहू. छोट्या पिस्टन विमानाच्या कॉकपिटमध्ये आवाज साधारण ८५ ते १०० डीबीए (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल) असतो. तुमच्या विमानात ९५ असेल आणि हेडसेटचा एनआरआर २३ असेल (डेव्हिड क्लार्कचा प्रसिद्ध हिरवा एच१०-१३.४ याच आकड्याचा), तर डीबीएमध्ये हिशेब करताना आधी ७ वजा करतात. २३ उणे ७ म्हणजे १६, ९५ उणे १६ म्हणजे ७९. पण हा आकडा प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात चश्मा, केस, ढिली पट्टी धरून सावध हिशेबात तो रोध निम्मा मोजतात : १६ चा निम्मा ८, म्हणजे कानात ८७. अमेरिकेच्या नायोश संस्थेची शिफारस आहे की ८५ डीबीए आठ तास चालेल आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होईल. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. म्हणजे ८७ ला पाच तासांच्या आसपास. चांगला हेडसेट लावूनही दिवसभर क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचे) उडणाऱ्याचा कोटा संपू शकतो.

आणि यात रेडिओचा आवाज धरलेला नाही. घरघर मोठी असली की माणूस रेडिओ वाढवतो, आणि तो आवाज थेट कानाजवळच्या स्पीकरमधून येतो. खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीतली व्यंजने झाकतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक तिथेच हरवतो. एएनआरचा खरा फायदा आम्हाला इथे दिसतो. घरघर गेली की रेडिओ दोन खुणा खाली आणता येतो. तो खाली आणला नाही तर अर्धा लाभ वाया गेला.

पॅसिव्ह हेडसेटखाली फोमचे इअरप्लग घातल्यास दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात साधारण ५ मिळवा. उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा लोकांचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटत असेल, तर सगळे हिशेब बाजूला ठेवा. संरक्षण कमी पडते आहे.

प्रश्न : टॉवर म्हणतो, तुमचे बोलणे अस्पष्ट आहे. मला मात्र हेडसेटमध्ये सगळे स्वच्छ ऐकू येते.

एएनआरमुळे तुमच्या कानातला गोंगाट गेला, माइकमधला नाही. हा फरक नवे हेडसेट घेणारे हमखास विसरतात.

माइक ओठांपासून ३ ते ६ मिलिमीटरवर हवा. ओठांच्या मधोमध समोर नको, कोपऱ्याला थोडा बाजूला असावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा श्वास त्यावर आदळत नाही. हा माइक दोन बाजूंनी ऐकतो. दोन्ही बाजूंनी सारखाच येणारा गोंगाट तो वजा करतो आणि एका बाजूने, अगदी जवळून येणारा आवाज ठेवतो. माइक दोन सेंटिमीटर दूर गेला की तुमचा आवाजही त्याला ‘दुरून येणारा’ वाटू लागतो आणि तो तुम्हालाच वजा करतो. मग वैमानिक ओरडतो, आणि ओरडण्याने अस्पष्टपणा वाढतो.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे उलटा माइक. बूम (माइकची दांडी) डावीकडून उजवीकडे फिरवली की माइकचे तोंड बाहेर वळते. त्यावर ठिपका, खूण किंवा अक्षरे असतात. ती बाजू ओठांकडे हवी. फोमची टोपी काढून एकदा पाहून घ्या. ती टोपी नसेल तर वाऱ्याची झुळूक सरळ माइकवर बसते, आणि ओली किंवा तेलकट झाली असेल तर आवाज मिटतो. ही टोपी स्वस्त असते, दोन जवळ ठेवा.

शेजारची व्यक्ती बोलत नसतानाही तिचा माइक उघडा राहून सगळ्यांच्या कानात घरघर ओतत असेल, तर दोष स्क्वेल्चचा, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद ठेवणाऱ्या बटणाचा. तो इंजिन बंद असताना लावू नका. क्रूझच्या पॉवरवर, सगळे गप्प असताना, गोंगाट ऐकू येईपर्यंत फिरवा आणि मग तो जेमतेम बंद होईल एवढा मागे आणा. त्याहून जास्त मागे आणला की बोलण्याचे पहिले अक्षर खाल्ले जाते. छतातल्या किंवा बाजूच्या हवेच्या झरोक्याचा झोत माइककडे असेल तर कुठलाही स्क्वेल्च टिकत नाही. झरोका वळवा. मागच्या सीटवरचा प्रवासी माइक गळ्याशी लोंबत ठेवून झोपला असेल तर त्याचा माइकचा प्लग काढा. कानाचा राहू द्या, ऐकायला त्याला काही अडचण येणार नाही.

इंटरकॉममधून तारेने आलेला गोंगाट एएनआर खोडत नाही. त्याच्या दृष्टीने तो तुम्हाला ऐकवायचा आवाज असतो.

प्रश्न : फक्त डाव्या कानात ऐकू येते.

स्टिरिओ हेडसेट मोनो पॅनेलमध्ये लावला आहे. प्लगच्या टोकावर डावा कान, मधल्या कड्यावर उजवा आणि दांड्यावर जमीन, म्हणजे अर्थिंग, असते. मोनो जॅकमध्ये कडे जमिनीला टेकते आणि उजवा कान मिटतो. कॉर्डवरच्या छोट्या डबीत स्टिरिओ-मोनो असा खटका असतो, कधी बॅटरीच्या झाकणाखाली लपलेला. तो मोनोवर करा. तरीही एकच कान चालत असेल तर प्रत्येक कपावरचा व्हॉल्यूम पाहा. दोन चाके असलेल्या जुन्या हेडसेटमध्ये एक चाक पिशवीत घासून शून्यावर गेलेले असते.

प्रश्न : हेडसेटमध्ये बारीक शिट्टी, मधूनच टक-टक आणि कधी खरखर येते. कुठून शोधायला सुरुवात करावी?

तीन वेगळे आवाज म्हणजे बहुधा तीन वेगळी कारणे. पण आधी एक प्रश्न सोडवा : दोष हेडसेटबरोबर जातो की सीटबरोबर राहतो? हेडसेट शेजारच्या जॅकमध्ये लावा. खरखर तिथेही गेली तर कॉर्ड किंवा प्लग. मागे राहिली, म्हणजे दुसऱ्याचा चांगला हेडसेट या जॅकमध्ये खरखरतो, तर जॅक किंवा तार. हे दोन मिनिटांचे काम केले नाही तर चांगला हेडसेट दुरुस्तीला जातो आणि जसाच्या तसा परत येतो.

खरखर : प्लग बोटांनी फिरवून पाहा. फिरवल्यावर वाढत असेल तर संपर्क मळला आहे किंवा जॅकची पानस्प्रिंग सैल झाली आहे. प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या सुती कापडाने पुसा. सँडपेपर किंवा लोखंडी काथ्या वापरू नका. वरचा मुलामा गेला की तो आणखी लवकर काळवंडतो. छोट्या विमानाच्या दोन प्लगांपैकी जाड, ६.३५ मिलिमीटरचा कानांचा आणि बारीक, ५.२३ मिलिमीटरचा माइकचा असतो. दोन्ही शेवटचा खट्ट आवाज येईपर्यंत आत गेलेले हवेत. ‘रेडिओ बंद पडला’ अशा तक्रारींत अर्धवट बसलेल्या प्लगचा वाटा मोठा आहे. माइकच्या प्लगचे टोक पीटीटीचे, म्हणजे बोलताना दाबायच्या बटणाचे, असते. तो अर्धा आत राहिला तर आवाजही जाऊ शकतो किंवा रेडिओ सतत ट्रान्समिट करत राहू शकतो, आणि दुसरा प्रकार इतरांची फ्रिक्वेन्सी अडवतो.

शिट्टी : इंजिनाच्या आरपीएमबरोबर तिची पट्टी वरखाली होते का? होत असेल तर अल्टरनेटर. जमिनीवर, इंजिन चालू ठेवून मास्टर स्विचचा अल्टरनेटरचा अर्धा भाग काही सेकंद बंद करा. शिट्टी थांबली तर तंत्रज्ञाला अल्टरनेटरचे डायोड, फिल्टर आणि अर्थिंगचे जोड तपासायला सांगा. धातूच्या पॅनेलमधला माइकचा जॅक बॉडीपासून अलग असावा लागतो, त्यासाठी दोन्ही बाजूंना अवाहक वॉशर असतात. पॅनेल उघडून काम झाल्यावर त्यातला एक परत बसवायचा राहिला की अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि शिट्टी सुरू होते. अलीकडेच पॅनेलचे काम झालेल्या विमानात आम्ही वॉशरकडे आधी बोट दाखवू.

टक-टक : स्ट्रोब दिव्याच्या लुकलुकण्याशी ताल जुळत असेल तर स्ट्रोबचा वीजपुरवठा. ताल जुळत नसेल तर सिगार-सॉकेटमधला यूएसबी चार्जर काढून पाहा. स्वस्त चार्जर व्हीएचएफ रेडिओचा स्क्वेल्चसुद्धा उघडतात. फोन कॉर्डजवळ ठेवला असेल तर तोही दूर करा.

प्रश्न : खडबडीत हवेत एएनआर हेडसेट ‘धप्प’ करतो आणि कधी कर्कश किंचाळतो.

‘धप्प’ म्हणजे सर्किटची दमछाक. दरवाजा आपटला, विमान खड्ड्यात पडले किंवा जबडा हलल्याने गादी क्षणभर उचलली, की कपात दाबाचा मोठा धक्का येतो. तो खोडण्याएवढा जोर छोट्या स्पीकरमध्ये नसतो, तो टोकाला आदळतो. उड्डाणात च्युइंग गम चघळणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो. हेलिकॉप्टरमध्येही. दोन पात्यांचा रोटर ४०० आरपीएमच्या आसपास फिरला तर त्याची थाप १३ हर्ट्झवर पडते. ती कानाला जेमतेम ऐकू येते, पण सर्किट तिच्यामागे धावत राहते.

किंचाळी वेगळी. कपातल्या माइकने स्पीकरचा आवाज ऐकून तो पुन्हा वाढवत नेला की ती निघते. कप हाताने झाकला किंवा डोक्यावरून काढताना क्षणभर किंचाळला तर काळजी नको. डोक्यावर नीट बसलेला असताना किंचाळत असेल तर गादी काढा. तिची आतली किनार कपाच्या खाचेत सगळीकडून बसली आहे का, स्पीकरवरचा पातळ फोम फाटला आहे का आणि कपात घामाचा ओलावा आहे का, हे पाहा. एकाच बाजूला किंचाळत असेल तर ही तपासणी त्या बाजूपुरती पुरते.

काहींना एएनआर चालू करताच कान दडपल्यासारखे वाटतात. कानावरचा दाब खरोखर वाढलेला नसतो. खालची पट्टी अचानक गेल्यामुळे तसे वाटते आणि बहुतेकांचे दोन-चार उड्डाणांत जाते.

प्रश्न : एवढ्या शांततेत इंजिनाचा बिघाड किंवा स्टॉलचा (पंखाची उचल तुटू लागल्याचा इशारा देणारा) भोंगा ऐकूच आला नाही तर?

शंका रास्त आहे. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने २००७ मध्ये विमान चालवणाऱ्या संस्थांना याच मुद्द्यावर सूचना काढली होती : असे हेडसेट धोक्याचे भोंगे आणि यंत्राचे विचित्र आवाज झाकू शकतात, तेव्हा ते ऐकू येतात की नाही हे तपासून घ्या. सूचना जुनी झाली, मुद्दा नाही.

भोंग्यांपैकी जे इंटरकॉममधून थेट हेडसेटमध्ये येतात त्यांचा प्रश्न नाही. अडचण हवेतून येणाऱ्यांची. सेसना १७२ चा स्टॉलचा भोंगा हे उत्तम उदाहरण. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असते. पंखावरचा दाब घटला की त्यातून हवा ओढली जाते आणि पेटीच्या सुरासारखी पत्ती वाजते. त्याला वीज लागत नाही आणि तारही नाही. जमिनीवर एकाने हेडसेट लावून, एएनआर चालू करून आत बसावे. दुसऱ्याने छिद्रावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढावी. इंजिन बंद असतानाही सूर पुसट लागला तर इंजिन चालू असताना तो त्याहून पुसट लागणार, हे धरून चाला. हा सूर वरच्या पट्टीचा असल्याने तो एएनआरपेक्षा कपाचा फोम जास्त अडवतो. म्हणजे पॅसिव्ह हेडसेटवाल्यांनीही ही चाचणी करावी.

कार्बन मोनॉक्साइडचा खिशातला अलार्मही असाच वरच्या पट्टीत ओरडतो. तो मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवू नका. दिवा नजरेसमोर येईल असा पॅनेलजवळ लावा.

इंजिनाचे म्हणाल तर खडखडाट आधी सीटमध्ये आणि रडरच्या पेडलमध्ये जाणवतो, आणि ईजीटी-सीएचटीचे (एक्झॉस्ट वायू आणि सिलिंडरच्या तापमानाचे) काटे कानांपेक्षा लवकर बोलतात. तरी पहिल्या काही उड्डाणांत सुरक्षित उंचीवर, शेजारी प्रशिक्षक असताना, एएनआर बंद-चालू करून दोन्ही आवाजांची ओळख करून घ्या. विशेषतः बंद होतानाचा क्षण. बॅटरी संपून एएनआर अचानक थांबला की इंजिन जणू दुप्पट गरजू लागते, आणि ज्याने हे आधी ऐकलेले नाही त्याचा हात नकळत थ्रॉटलकडे जातो. अंतिम टप्प्यात, धावपट्टी समोर असताना ही ओळख व्हायला नको.

प्रश्न : बॅटरी संपली तर रेडिओही जातो का?

विमानासाठीच बनवलेल्या हेडसेटमध्ये जात नाही. आवाज तारेने येतच राहतो, फक्त एएनआर थांबतो. दोन एए बॅटरींवर चांगले हेडसेट चाळीस तासांच्या आसपास चालतात. नवी आणि जुनी बॅटरी एकत्र घालू नका. रिचार्जेबलचा व्होल्टेज मुळात कमी, १.२ असतो, म्हणून त्या भरलेल्या असतानाही दिवा लवकर पिवळा दाखवू शकतो. महिनाभर उडणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. अल्कलाइन बॅटरी गळून तिची पांढरी भुकटी संपर्कांवर चढली की दुरुस्तीचा खर्च नव्या बॅटरींच्या कित्येक पट होतो. पॅनेलमधून सहा पिनांच्या लेमो प्लगने वीज घेतल्यास बॅटरीची कटकट मिटते, पण मास्टर बंद केला की एएनआरही बंद.

प्रश्न : प्रवासात वापरतो त्या आवाजरोधक हेडफोनला बूम माइक जोडून उडता येईल का?

असे जोड मिळतात आणि शांत विमानात ते बरे चालतात. पण खरेदीआधी तीन गोष्टी तपासा. बॅटरी काढून तारेने आवाज येतो का? अनेकांत येत नाही, आणि असा हेडफोन वैमानिकाच्या कानावर नको. काही मिनिटे शांतता असली की तो आपोआप बंद होतो का? आणि ब्ल्यूटूथने जोडायचा विचार असेल तर तो सोडा. स्वतःचे बोलणे उशिराने कानात पडले की जीभ अडखळते. हे हेडफोन केबिनमधल्या मंद गुणगुणीसाठी बनवलेले असतात. ९५ डेसिबलच्या कॉकपिटमध्ये त्यांचे सर्किट लवकर टोकाला जाते आणि पातळ कप वरची पट्टी कमी अडवतो. विमानाच्या हेडसेटवर टीएसओ-सी१३९ए असा (अमेरिकी विमान-नियामकाच्या मानकाचा) शिक्का असेल तर तो ठरलेल्या कसोट्यांतून गेलेला असतो. प्रवासी हेडफोनला तशी कसोटी नसते. मागच्या सीटवरच्या पाहुण्यासाठी चालेल. पुढच्या सीटसाठी आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : लष्करी हेलिकॉप्टरचा जुना हेडसेट अडॅप्टर लावून विमानात चालेल?

नाही. साधा अडॅप्टर प्लगचा आकार बदलतो, इंपिडन्स (विद्युत अडथळा) नाही. लष्करी हेडसेटचे स्पीकर ८ ते १९ ओहमचे आणि माइक ५ ओहमचा असतो. नागरी विमानाच्या हेडसेटचे स्पीकर दीडशे ओहम किंवा त्याहून जास्त, आणि माइकला पॅनेलमधून ८ ते १६ व्होल्ट लागतात. जुना हेडसेट लावला की तुमचा माइक मुका आणि बाकी सगळ्यांचे कान मंद होतात.

प्रश्न : हेडसेट किती दिवसांनी बदलावा?

हेडसेट नाही, गाद्या बदला. नियमित उडणाऱ्यांनी सहा महिने ते वर्षभरात. पृष्ठभागाला भेगा पडणे, बोटाने दाबल्यावर फोम परत न फुगणे, शिवणीतून जेल डोकावणे, यांपैकी एखादे लक्षण त्याआधी दिसले तर तेव्हाच. उड्डाणानंतर गाद्या ओलसर कापडाने पुसा, घाम आणि सनस्क्रीन त्यांना खातात. अल्कोहोल प्लगसाठी वापरा, गादीच्या कातडीसाठी नको, ती तडकते. कॉर्ड कपाभोवती घट्ट गुंडाळू नका. वाकण ज्या जागी पुन्हा पुन्हा पडते तिथेच आतली तार तुटते, आणि ती जागा बहुतेक वेळा कपापासून दोन बोटांवर असते.

आणि काढलेला हेडसेट डॅशवर, काचेखाली ठेवू नका. उन्हाने गादी कडक होते हे एक, आणि स्पीकरमधल्या चुंबकांमुळे चुंबकीय होकायंत्र काही अंश सरकते हे दुसरे. जायरो, म्हणजे जायरोस्कोपवर चालणारे दिशादर्शक, लावताना होकायंत्राकडे पाहिले, आणि हेडसेट त्याच्याच शेजारी पडला असेल, तर ती चूक जायरोत उतरते.